कोरियाचा रस्सा

कोरियाच्या लढाईतून परतलेला एक फौजी बडनेरा स्टेशनाबाहेर खानावळ चालवायचा. रविवारी तिकडचा रस्सा करायचा, मटण आणि पत्ताकोबीचा, लालभडक. ढवळताना कोणी बोललेलं त्याला खपत नसे.

एकदा पानावर बसलेले वकील म्हणाले, "लढाईत गोऱ्या शिपायांनी टाकलेल्या उष्ट्यातून निघालाय हा रस्सा."

"कोनी म्हनते उष्ट्याचा, कोनी म्हनते शीलबंद डब्यातल्या मटनाचा. मले मालूम नाई. घर जळालेल्या बाईनं आपल्या लेकरांआधी मले वाढला, येवढं मालूम हाय."

त्यानं पळीला तोंड लावलं, घोट घेतला आणि तीच पळी पातेल्यात बुडवली.

"आता झाला उष्टा. ज्याले पायजे त्यानं बसावं."

वकील उठले. मी त्यांच्याच पंगतीतला. मी ताट पुढं केलं.