भाऊ, कुकर लावते हां!

वरसे गावात आमच्या गल्लीतली कुठलीच बाई हाक मारल्याशिवाय कुकर लावत नसे. ‘भाऊ, कुकर लावते हां!’ ऐकलं, की समोरचे फिटरभाऊ पेपर काखेत मारून नाक्यापर्यंत जाऊन येत. कंपनीत डोळ्यांदेखत वाफेची लाईन फुटली, तेव्हापासून शिट्टी वाजली की हा धिप्पाड माणूस टेबलाखाली शिरायचा. एरवी कुणाचाही नळ गळताना दिसला, की न विचारता पान्हा काढणारा.

सध्या ते मुंबईला जाऊन येतात; तिथं त्यांच्यावर नव्या उपचाराचा प्रयोग चाललाय. मानेत बसवलेलं बारीक यंत्र नसेला हलका करंट देतं, आणि त्याच वेळी डॉक्टरीणबाई त्यांना तो दिवस पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. ‘मानेत गुदगुल्या नि डोळ्यांत पाणी. येडाच दिसतो मी,’ ते हसून सांगतात.

परवा ते चहाला आले असताना आमची ही हाक मारायला विसरली. शिट्टी झाली. मी घाबरून त्यांचा हातच धरला. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण ते उठले नाहीत. डोळे मिटून त्यांनी दुसरी शिट्टीही ऐकली, नीट कान देऊन.

‘वहिनी, वाफ बाजूनं सुटते. रबर गेलंय कुकरचं.’

मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हात सोडा आता. चहा सांडल.’