उणे ऐंशी

संकटात माणसाला ज्ञानाखेरीज दुसरा आधार नसतो, असं मी बरीच वर्षं मानत आलो. तसं मानायला मला कुठलंही संकट लागलं नव्हतं.

आमचा लॅब्राडॉर नऊ वर्षांचा असताना मागचा डावा पाय टेकेनासा झाला. सोसायटीत निदानं भराभर आली: संधिवात, लचक, लाड. मार्केट यार्डाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्सरे काढला, मग हाडाचा तुकडा तपासायला पाठवला. हाडाचा कर्करोग निघाला. पाय काढावा लागेल, नंतर औषधं, आणि तरीही फार काळ मिळेलच असं नाही, असं त्यांनी सांगितलं. किती काळ, ते सांगता येत नाही म्हणाले.

मला नेमकं तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी हिंजवडीच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या याच कर्करोगातल्या मायक्रोआरएनएवर काम करत होती. ऑपरेशनपूर्वी थोडं रक्त मिळेल का, असं तिने विचारलं. नागपूरकडची मुलगी, मला पहिल्या फोनपासून काका म्हणू लागली. मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतला अगदी तोकडा तुकडा. तो स्वतः काही बनवत नाही; कुठलं प्रथिन किती बनू द्यायचं नाही, एवढंच पाहतो. आमच्या सोसायटीच्या सचिवांमुळे मला हे लगेच समजलं. कर्करोगात यातले काही तुकडे कमी होतात, काही वाढतात, आणि गाठीचा लगाम सुटतो. ते रक्तातही सापडतात, म्हणून त्यांच्यावरून आजाराचा अंदाज कधी बांधता येईल का, हे ती तपासत होती. हे फक्त संशोधन आहे, तुमच्या कुत्र्याबद्दल यातून काही कळणार नाही, असं तिने दोनदा बजावलं. मी दोनदा हो म्हटलं, आणि घरी येऊन यावर बरंच वाचून काढलं.

मग डॉक्टरांना फोन करून ऑपरेशन दहा दिवस पुढे ढकललं. रक्ताचा निकाल पाहून ठरवू, म्हटलं.

रक्ताची नळी मीच पोचवणार होतो. नळी थंड ठेवा, पण बर्फाला लागू देऊ नका, असं तिने सांगितलं होतं. पण आरएनए उणे ऐंशी अंशांवर साठवतात असं मी वाचलं होतं. मुलीचा सल्ला मला जरा मिळमिळीत वाटला. डब्यात बर्फ ठासून भरला, वर मीठही टाकलं, आणि त्याच्या मधोमध नळी खोचली. स्वारगेटपासून हिंजवडीपर्यंत दोन तास लागले. वाहतूक कोंडीत आयुष्यात पहिल्यांदाच मला आपण काही महत्त्वाचं करतोय असं वाटलं.

आठव्या दिवशी तिचा फोन आला. रक्त गोठून तांबड्या पेशी फुटल्या होत्या. त्यांच्यातले मायक्रोआरएनए सगळीकडे मिसळले होते. उणे ऐंशी हे वेगळ्या काढलेल्या द्रवासाठी असतं, अख्ख्या रक्तासाठी नाही. रागावली नाही. म्हणाली, "काका, तुम्ही फारच काळजी घेतली."

मी बायकोला म्हटलं, पुन्हा नमुना देता येईल, फक्त आठवडाभराचा प्रश्न आहे. ती कुत्र्याजवळ जमिनीवर बसली होती. हे सगळे दिवस ती तिथेच झोपत होती. तो कण्हला की त्याच्या पाठीवर हात ठेवायची. मान वर न करता म्हणाली, "अहो, पाय त्याचा दुखतोय. उत्सुकता तुमची आहे."

मी डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काढला.

तिसऱ्या दिवशी तो तीन पायांवर गेटपर्यंत गेला. शेजारच्या मोटारीशी थांबला. त्याला आता पाय वर करायची गरज नव्हती. मी तिथे उभा राहिलो आणि ते वाया घालवलेले दिवस मोजले. त्यातल्या प्रत्येक दिवशी त्याला दुखलं होतं, आणि तो माझ्याकडे पाहून शेपूट हलवत होता.

तो सात महिने जगला, त्यातले सहा चांगले. शेवटी फुफ्फुसात गाठी आल्या. त्या मुलीच्या संशोधनात तो नाही. किती काळ, या माझ्या प्रश्नाचं लेखी उत्तर फक्त महापालिकेच्या श्वान परवान्यावर आहे. मुदत मार्चअखेरपर्यंत.