बायकोचा डॉक्टर

माझ्या बायकोला बसमध्ये चढायची भीती वाटायची. पायरीवर पाय ठेवला की छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता मरते म्हणायची. हृदयाच्या सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मी म्हटलं, बस गेली खड्ड्यात, माझी स्कूटर आहे. भोसरीच्या वर्कशॉपमधून सुटलो की बाजार, लग्न, माहेर, सगळीकडं मागं बसवून न्यायचो. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. उलट बरंच वाटायचं.

मग कुणीतरी मेडिकल कॉलेजचा दवाखाना सुचवला. तिथला मनाच्या आजारांचा डॉक्टर तेव्हा पोरगेलाच होता, नुकता शिकवायला लागलेला. असल्याच भीतीवर संशोधन करायचा. बायको आत दार लावून बोलायची आणि मी बाहेर बाकड्यावर. एकदा आतून तिचं हसणं ऐकू आलं. माझ्यापुढं ती तशी मोकळी कधी हसली नव्हती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो, आमचं आपलं असंच."

आमचं म्हणे.

पुढं डॉक्टर स्वतः तिच्याबरोबर थांब्यावर जायला लागला. आधी नुसती बस बघायची, मग चढून उतरायचं, मग एक थांबा जायचं. मी मागून स्कूटर काढली तर मला अडवलं. "काका, तुम्ही सोबत असलात तर भीती जायची नाही." इतकी वर्षं मी सांभाळली, आणि हा कालचा पोरगा मलाच दूर हो म्हणतो.

शेवटी ती एकटी बसनं आळंदीला जाऊन आली. माझ्यासाठी पेढे आणले. मी गोड सोडलंय म्हणालो.

डॉक्टर चढत गेला. प्रोफेसर झाला, विभागाचा प्रमुख झाला, परदेशात भाषणं द्यायला लागला. मला सगळं बायकोकडूनच कळायचं. मी फोरमन झालो तेव्हा तिनं शेजारणीलाही सांगितलं नव्हतं. याचा लेख बाहेरदेशी छापला तर गल्लीत साखर वाटली. म्हणे, सरांच्या कामात माझाही वाटा आहे.

गेल्या वर्षी ती किडनीच्या आजारानं गेली. दिवसपाणी उरकल्यावर मी दवाखाना गाठला. डॉक्टरला म्हटलं, ती आत काय बोलायची तेवढं सांगा, आता ती नाही.

"ते काकूंचं आहे, काका. त्या गेल्या तरी त्यांचंच."

"मी नवरा आहे तिचा."

"माहीत आहे," म्हणाला आणि चहा मागवला.

माझं डोकं फिरलं. माझ्या बायकोच्या जिवावर मोठे झालात, असं तोंडावर बोललो. त्यानं ते कबूल केलं. नाव न घेता तो दर वर्षी नव्या पोरांना शुक्रवारच्या वर्गात तिच्या बसचं सांगतो म्हणे. वर मलाच विचारलं, शुक्रवारी येऊन नवऱ्याची बाजू सांगाल का? मी तसाच उठून आलो.

पण घरी तिचं नाव कुणी काढत नाही. पोरी फोनवर जेवलात का एवढंच विचारतात. मला रडू येईल म्हणून भितात.

म्हणून आता दर शुक्रवारी जातो. तो माणूस मला आजही आवडत नाही. पण माझ्यापेक्षा जास्त बायको त्याच्याकडं शिल्लक आहे, आणि वर्गात उभा राहून तो तिच्याबद्दल बोलतो तेवढी तरी माझ्या कानावर पडते.