सुरुंग आप्पांनी लावला नव्हता

हवालदार आप्पांना हळू बोलताच येत नसे. पलटणीत सुरुंग लावणाऱ्या तुकडीत त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातच डावा कानही गेला. तेव्हापासून समोरचाच बहिरा आहे असं धरून ते बोलायचे. त्यांनी हॉटेलात चहा सांगितला की रस्त्यापलीकडचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून घ्यायचा. "आवं सेक्रेटरी, बसा की!" एवढं मला म्हटलेलं मायेचं वाक्यसुद्धा अंगावर धावून आल्यासारखं वाटे. पण हाच माणूस कोयनेच्या काठाला उतरला की तोंडाला कुलूप. मग फक्त हाताच्या खुणा. कुणी नुसतं खाकरलं तरी डोळे वटारून ओठावर बोट ठेवायचे आणि श्वासातल्या श्वासात म्हणायचे, "हळू. मासा बुजतोय."

आज हे लिहायला बसलो त्याला कारण एक पाटी आहे. गेल्या महिन्यात नातवानं मला मोटारीतून आमच्या जुन्या डोहावर नेलं. काठावर ठळक अक्षरांत रंगवलंय, 'सुरुंगवाल्या आप्पाचा डोह'. खाली बारीक अक्षरांत, पूर्वी इथं सुरुंग लावून मासे मारत असत, अशी माहिती. लोक त्या पाटीपाशी उभे राहून फोटो काढतात. ज्या माणसानं त्या डोहात कधी साधं जाळं पडू दिलं नाही, त्याचं नाव सुरुंगाला बांधून ठेवलंय! खरं काय झालं ते ठाऊक असणाऱ्यांपैकी आता मी एकटा उरलो आहे. मी गेल्यावर फक्त पाटी राहील. म्हणून लिहितो.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. कराडच्या वरच्या अंगाला कोयनेकाठी आमचं एक मासेमारी मंडळ होतं. पण गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावणाऱ्यांचं नव्हे. कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी गळावर बांधायची, लवचिक काठीनं दोरी लांब फेकायची आणि खरी माशी पाण्यावर टेकावी तशी ती अलगद टेकवायची, हा आमचा खेळ. गावानं आमचं नाव 'माशा मारणारं मंडळ' ठेवलं होतं, ते साहजिकच होतं. ही विद्या आप्पांनी आणलेली. पलटण डोंगराकडच्या छावणीत असताना एका साहेबाच्या काठ्या ते वाहायचे. साहेबाची बदली झाली, विद्या आप्पांकडे राहिली. मी साखर कारखान्यात कारकून आणि मंडळाचा सेक्रेटरी. हॉटेलाबाहेरच्या फळ्यावर खडूनं मंडळाच्या बातम्या लिहायचं काम माझं. 'धरणातून पाणी सोडले आहे, रविवारी कोणी उतरू नये.' 'पाणी निवळले. हवालदार यांना महसीर, वजन अंदाजे पाच शेर. मासा सोडून दिला.'

पिसांसाठी आप्पा लाज सोडून हिंडत. गावात कुणाकडे पाहुणे आले, कोंबडा कापायचा ठरला, की मालकाच्या आधी हे कात्री घेऊन दारात हजर. "मानेची पिसं तेवढी माझी. रस्सा तुमाला लखलाभ!" तांबडा कोंबडा त्यांना विशेष प्रिय. एका तालेवाराच्या झुंजीच्या कोंबड्याला कुरवाळता कुरवाळता त्यांनी मानेची चार पिसं उपटली, त्यावरून गावात आठवडाभर भांडण चाललं. माशीच्या पोटाला चमक हवी म्हणून बायकोच्या जरीच्या लुगड्याचा काठसुद्धा त्यांनी उसवला होता. काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माझ्या लग्नातली जर माशाच्या तोंडात गेली बघा. मी मागितलं असतं तर एक फूल आणलं नसतं ह्यांनी." आप्पा आतून ओरडत, "आगं, मासा काय हसतो का न्हाई ती जर बघून! तू हसलीस व्हय कवा?"

धरलेला मासा ते सोडून देत. ओल्या हातानं गळ काढायचा, माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरायचा, आणि त्यानं शेपटी हाणली की सोडायचा. सांगलीचे एक जैन व्यापारी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गुळाच्या सौद्यासाठी कराडला येत तेव्हा आप्पांना भेटायला काठावर येऊन बसत. अंड्यालाही न शिवणारा माणूस. त्यांना हा प्रकार पचत नसे.

"आप्पा, सोडायचाच तर धरतोस कशाला रं?"

"अण्णा, कुस्तीत पाठ लावली म्हणून गड्याला कुणी जिवं मारतंय व्हय? हात मिळवून सोडत्यात."

"गड्याला इचारून जोड लावत्यात. माशाला कुणी इचारलं?"

आप्पांनी दोरी गुंडाळायला घेतली. घरी जाताना मात्र वाटेत मला म्हणाले, "अण्णा बोलतंय त्यात दम हाय. पर माझा हात ऐकत न्हाई."

मंडळाचा एकच नियम त्यांनी दगडावर कोरल्यासारखा धरला होता. पावसाळ्यात मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात. त्याला आमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात, आणि त्या दिवसांत अख्खा मुलूख टोपल्या, पंचे, जाळी, हाताला येईल ते घेऊन ओढ्यात उतरतो. मंडळ त्या दिवसांत बंद. आषाढ लागला की मी फळ्यावर 'पाणी गढूळ, काठ्या वर' असं लिहायचं आणि ते दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही. एका पावसाळ्यात आमच्या अध्यक्षांचा ड्रायव्हर गाभोळीनं भरलेल्या माशांची टोपली जीपमधून नेताना आप्पांना दिसला. भर बाजारात त्यांनी जीप अडवली. "बाळंतिणीच्या पोटावर पाय देतोस व्हय रं? कुणासाठी चाललीय टोपली?" टोपली अध्यक्षांच्या घरी चालली होती, हे ड्रायव्हरनं सांगितलं. बाजारानं ते ऐकलं. आप्पांच्या आवाजात विचारलेला प्रश्न न ऐकणं शक्यच नव्हतं.

अध्यक्ष हसून म्हणाले, "आप्पांचा तोफखाना!" पण ते विसरले नाहीत. ते ठेकेदार होते, दगडाची खाण होती, आणि कारखान्यात त्यांच्या शब्दावर माणसं लागत आणि निघत. मी त्यांच्याच शब्दावर लागलो होतो.

दसऱ्यानंतर पाणी निवळलं की मंडळाचा वार्षिक मेळावा भरायचा. त्या वर्षी अध्यक्षांनी मुंबईहून एका बड्या साहेबांना बोलावलं. साहेबांच्या हाताला मोठा मासा लागायला हवा, फोटो निघायला हवा, असा त्यांचा हट्ट होता. आप्पा म्हणाले, "मासा काय तुमच्या खाणीवरचा गडी हाय, हाक मारली की येणार?" मेळाव्याच्या आदल्या दुपारी अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या सकाळी ऊन वर येईतोवर वरच्या डोहाकडं कुणाला फिरकू देऊ नका." मी का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फटफटताना घरात दात घासत असताना वरच्या अंगानं दबका धप्प असा आवाज आला आणि खिडकीचं तावदान थरथरलं. खाण विरुद्ध दिशेला होती. म्हणजे सुरुंग डोहातच, हे मला कळलं. तांब्या हातात धरून मी तसाच उभा राहिलो, आणि मग तोंड धुतलं.

मेळाव्याला डोहाच्या खालच्या अंगाला मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, कारखान्याचे लोक बायकामुलांसह आले होते. साहेबांनी काठी फेकली. दोरी एका खडकामागं गेली. अध्यक्षांचा ड्रायव्हर "अडकली, अडकली" म्हणत कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि खडकाआड दिसेनासा झाला. मग दोरीला ओढ लागली, लोक ओरडले, आणि साहेबांनी हातभर लांबीचा महसीर काठाला ओढला. टाळ्या, फोटो. साहेब बिचारे खरंच खूश झाले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

आप्पा पुढं आले. मासा उचलला, तोंड उघडून बोट फिरवलं, कल्ला वर केला. मग पोट दाबून बघितलं. आणि त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती.

"ह्येच्या ओठाला गळाचं भोक कुठाय? दोरी कल्ल्यातनं ओवलीया. आन् ही गाठ बघा, उसाच्या मोळीची गाठ हाय ही! मासा सोताच मोळी बांधून घेतोय व्हय?"

लोक हसायला लागले. आप्पा हसले नाहीत.

"आतला फुगा फुटलाय ह्येचा. ह्यो सुरुंगानं मेलेला मासा हाय. सकाळपासनं वरच्या डोहात पांढरी पोटं तरंगत्यात, बारकी पिल्लंसुदीक. कुणी लावला सुरुंग? म्होरं या!"

साहेबांनी काठी हळूच खाली ठेवली. अध्यक्ष मात्र जागचे हलले नाहीत. अगदी गोड आवाजात ते म्हणाले, "सुरुंगाचा मासा नुसता पोट दाबून ओळखता, आप्पा? आम्हाला बुवा नाही ओळखता येत. इथं सुरुंगाचं काम शिकलेलं कोण आहे?" सगळ्यांच्या माना आप्पांकडे वळल्या. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, आज पहाटे डोहावर कोण होतं?"

आप्पा रोज पहाटे डोहावर जात. त्या दिवशीही गेले होते, आवाज ऐकून धावत गेले होते. मीच आदल्या दिवशी त्यांना अडवायला हवं होतं, पण त्यांना अडवायची माझी छाती नव्हती.

मी म्हणालो, "आप्पा होते."

यात खोटं एक अक्षर नाही. म्हणूनच इतकी वर्षं मी त्याच्या आड लपू शकलो. पुढचं वाक्य, डोहाकडं कुणाला फिरकू देऊ नका हे अध्यक्षांचं वाक्य, माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं.

पण मी नीच वागलो म्हणून बाकीचे सुटत नाहीत. मला आजही संताप येतो तो त्या भरल्या मांडवाचा. जो माणूस सुरुंग लावील तो भर सभेत माशाचं तोंड उघडून दाखवील का? एवढा साधा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. तिथं शिकलेली माणसं होती, कारखान्याचे अधिकारी होते, आप्पांनी ज्यांना हात धरून काठी फेकायला शिकवलं ते सभासद होते. कुणाला प्रश्न पडला नाही, कारण तो पडणं कुणाच्या सोयीचं नव्हतं. मेळावा मोडायला आप्पांनीच उद्योग केला, असं संध्याकाळपर्यंत ठरून गेलं. त्यांना मंडळातून काढलं. फळ्यावर ती बातमीही मीच लिहिली. आणि वर्षभरात 'हवालदार' गेलं, 'सुरुंगवाला' राहिलं. पोरं लांबून 'धुडूम' ओरडून पळायची. पलटणीत देशासाठी केलेलं काम गावात शिवी झालं!

आप्पा भांडले नाहीत. आयुष्यभर कोंबड्याच्या पिसावरून, टोपलीवरून गाव डोक्यावर घेणारा माणूस स्वतःच्या नावासाठी एकदाही ओरडला नाही. याचं कारण मला पुढं सांगलीत कळलं.

मी तोवर कारखाना सोडून सांगलीला एका अडत दुकानात लागलो होतो. एका दुपारी हळदीच्या पेठेत अण्णांच्या दुकानात डोकावलो, तर आत आप्पा बसलेले. वाळले होते. उजव्या कानाचंही काही खरं राहिलं नव्हतं, त्याच्या औषधासाठी अण्णांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. मला बघून अण्णा उठले आणि आत निघून गेले. मी आप्पांच्या पायाला हात लावला.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, आणि मी दचकलो. आसपास नदी नव्हती, मासा नव्हता, तरी ते हळू बोलत होते. "तुमी त्या दिशी म्हणालासा, आप्पा हुते. म्या वाट बघत हुतो."

"कशाची, आप्पा?"

"तुमी म्होरं बोलशीला म्हणून. मंग म्हणलं, तुमीच बोलत न्हाई, तर मी वरडून काय उपेग? माझं वरडणं गावाला नवं हाय व्हय?"

एवढंच. रागावले नाहीत, त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. तोसुद्धा इतक्या हळू की पोऱ्याला ऐकूच गेला नाही. मला पुन्हा सांगावा लागला. त्यानंतर भेट झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं अण्णांकडून कळलं. अध्यक्षांना मात्र दीर्घायुष्य लाभलं, आणि त्यांच्या सत्काराला मी हारही घातला आहे.

तर ती पाटी. त्या दिवशी तिच्यापुढं तीन-चार तरुण उभे होते, आताच्या नव्या मंडळाचे, हातात भारी काठ्या. त्यांतला एक दुसऱ्याला हसत सांगत होता, "हा सुरुंगवाला म्हणजे इथला जुना..." पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. उभ्या जन्मात चढ्या आवाजात न बोललेला मी, काठी टेकून ओरडलो, "सुरुंग आप्पांनी लावला नव्हता! अध्यक्षांनी लावला! मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही!" नातू घाबरून धावत आला. आवाज डोहापलीकडच्या कड्यावर आपटून परत आला.

त्या पोरानं डोळे वटारले, ओठावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आजोबा, हळू. मासा बुजतो."

हे तुला कुणी शिकवलं, मी विचारलं. तो म्हणाला, आमच्या मंडळाची पहिल्यापासूनची पद्धत आहे.

ती पद्धत कुणाची, हे सांगायला मला पुन्हा ओरडावं लागलं.