व्हॅनवाल्या काकांचे पेढे

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट दुखेल! कालच परत आलेय, कपड्यांना अजून शेणाचा वास येतोय आणि डोक्यात नुसता गोंधळ आहे. तर इकडे आयर्लंडमध्ये, एनिस गावच्या हॉस्पिटलमध्ये आमचे एक डॉक्टरकाका आहेत. सख्खे वगैरे नाहीत, इथल्या सगळ्या मराठी स्टुडंट्सचे असतात तसे काका. आणि माझं ठाम मत आहे की ओळखीचं नातं इतक्या फास्ट करून टाकणारा दुसरा माणूस अख्ख्या पृथ्वीवर नाही. पोस्टमन दोनदा दिसला की त्याच्या हातावर चिवडा. बसमध्ये चढले की आधी ड्रायव्हरच्या गुडघ्याची चौकशी, मागे लाइन पावसात भिजतेय. मला त्यांनी पहिल्या दिवशी नाव विचारायच्या आधी "जेवलीस का?" विचारलं, आणि नाव बहुतेक अजून विचारलेलंच नाही. मी कॉर्कला शिकते म्हणून मी कॉर्क. "ए कॉर्क, चल, बस व्हॅनमध्ये!"

ही व्हॅन म्हणजे त्यांची सेकंडहँड कॅम्परव्हॅन. काकू तिला सवत म्हणतात. दर उन्हाळ्यात ती समुद्राजवळच्या एका रँचवर जाते. तिथे एक आयरिश आजी घोडे पाळायच्या आणि व्हॅनवाल्यांना मुक्कामाला जागा द्यायच्या. काका या देशात नवीन होते, काकू अजून पुण्यात, तेव्हा सुट्टी मिळाली की ते आजींच्या किचनमध्ये ब्रेड खात बसायचे. मग यंदा इथली सिटिझनशिप मिळाल्यावर पेढे पहिले कुणाला? आजींना! काकूंनी दूध आटवून आटवून पेढे केले आणि काकांनी आम्हाला एकही खाऊ दिला नाही. "आधी आजींच्या हातावर." बुकिंग केलंय का विचारलं तर माझ्यावरच भडकले. "आजीच्या घरी बुकिंग करून जातेस का गं तू?"

पोचलो तर गेटला कोडचं कुलूप. काकांनी आजींना कळावं म्हणून लग्नाच्या वरातीसारखा हॉर्न वाजवला. आतून गमबूट घातलेला एक माणूस धावत आला आणि म्हणाला, मी नवीन मालक, बुकिंग नंबर काय? काका प्रेमाने म्हणाले, "तू भाचा का रे त्यांचा?" तो म्हणाला, नाही, मालक. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "भाचाच आहे. लाजतोय." मला तर कळेना की कोण कुणाला काय समजतंय! शेवटी त्याने आम्हाला कडेची जागा दिली. शेजारच्या शेतात नुकतंच शेणखत फवारलेलं. शॉवर गार, विजेचा पॉइंट बंद, तबेला गायब आणि त्या जागी गोल लाकडी खोल्या. काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, रस्ता चुकलो का?" काकांचं एकच, "आजी दमल्या असतील, सकाळी भेटतील."

सकाळी काका पेढ्यांचा डबा घेऊन नेहमीसारखे मागच्या दाराने थेट किचनमध्ये! मी मागोमाग. आत किचनच नाही. जमिनीवर ओळीने बायका डोळे मिटून निपचित पडलेल्या. काका डॉक्टर ना, डबा माझ्या हातात कोंबला आणि खाली बसून पहिलीची नाडीच बघायला लागले. तिने डोळे उघडले आणि जी किंचाळली! योगाचा क्लास होता हो. शवासन चाललं होतं. आणि भारतातून आलेल्या माणसाला ते ओळखू आलं नाही!

मालक धावत आला, पण चिडायच्या ऐवजी त्याने काकांना बाहेर बाकावर बसवलं आणि हळू आवाजात समजावलं. आजींनी हिवाळ्यातच रँच विकली. आता त्या डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला, मुलीकडे. काकांना या वेळी सगळं कळलं. मग त्या भल्या माणसानेच आजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"व्हॅनवाला डॉक्टर का रे?" आजी ओरडल्या. "आलास? माझी जागा कशी आहे?"

काका तबेल्याच्या जागेकडे बघत होते. "ग्रँड आहे. होती तश्शी."

"आणि घोडे?"

"घोडे पण ग्रँड."

मालक बुटांकडे बघायला लागला. आजी खूप वेळ हसत होत्या, मग मुलीने हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"अहो, सिटिझनशिपचं सांगितलंच नाहीत!" काकू म्हणाल्या.

"राहिलं," काका म्हणाले. मग डबा उघडून त्यांनी एक पेढा त्या मालकाच्या हातावर ठेवला. तो बिचारा "कशाबद्दल?" विचारत होता आणि काका त्याच्या हातावर दुसरा ठेवत होते. मलाही अजून कळत नाहीये, काकांचं चुकलं की बरोबर होतं. तुमचं झालंय का कधी असं? ज्याला सगळ्यात आधी सांगायचं तोच माणूस फोनवर असतो, आणि आपण त्याला दुसरंच काहीतरी सांगून बसतो?