सिलिंडरवाली मावशी आणि छतातली झडप

माझ्या मावशीने माणसाला भर समुद्रात सोडून दिलं, हे आमच्या बंदरावर सगळ्यांना माहीत आहे. किती माणसांना, एवढाच काय तो वाद. बर्फाच्या कारखान्यातले काका नाकातून सांगतात, "दोन होते हो, नवराबायको. हातात हात धरून गेले बिचारे." दोरखंड विकणाऱ्या काकू आधी इकडेतिकडे बघतात, मग कुजबुजतात, आणि ती कुजबूज पलीकडच्या तीन दुकानांत ऐकू जाते: "पाच! पाच माणसं गं! आणि ही बया वर बसून चहा पीत होती!" आमच्या शाळेच्या शिपायांनी तर आकडा अकरावर नेऊन ठेवलाय. मी म्हटलं, "मामा, बोटीवर पाहुणेच दहा होते." ते न डगमगता म्हणाले, "मग त्यात स्वयंपाकी धर."

तर, माणूस एक होता. आणि तो ठणठणीत जिवंत आहे.

मावशी तेव्हा पाणबुड्यांच्या मुक्कामी बोटीवर गाइड होती. हौशी लोक आठवडाभर त्या बोटीवरच राहतात, जेवतात, झोपतात, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर सिलिंडर बांधून मासे बघायला खाली जातात. बोटीच्या मागच्या अंगाला एक फळा असतो. त्यावर प्रत्येकाच्या नंबराचा बिल्ला. पाण्यात उतरताना लाल बाजू पुढे करायची, वर आल्यावर हिरवी. ज्याचा बिल्ला त्यानेच फिरवायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्या दिवशी एक पाहुणा वर आला, त्याने स्वतःचा बिल्ला फिरवला, आणि मित्र मागून येतोच आहे असं धरून, भल्या मनाने, त्याचाही फिरवून टाकला. फळा सगळा हिरवागार. मावशीने फळा बघितला, कॅप्टनला हात केला, बोट निघाली.

मित्राला प्रवाहाने खडकाच्या पलीकडे नेलं होतं. जेवायला बसल्यावर एक ताट उरलं, तेव्हा कुठे बोट मागे फिरली. पावणेतीन तासांनी तो सापडला, पाणबुडे खुणेसाठी जवळ ठेवतात त्या नारिंगी फुग्याला मिठी मारून, ओठ निळेजांभळे. वर ओढल्यावर पहिलं वाक्य बोलला, "जेवण संपलं का?"

कॅप्टनने मावशीला कागद दिला. "पाहुण्याची चूक, असं लिही आणि मोकळी हो." मावशीने लिहिलं: मी फळा मोजला, माणसं मोजली नाहीत, चूक माझी. खाली सही. बंदरावर चूक करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम मिळतं. चूक लिहून देणाऱ्याला कोण ठेवणार? त्या दिवसापासून मावशी जमिनीवर आहे. चार वर्षं झाली.

आता ती धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिलिंडर भरते. कॉम्प्रेसर दिवसभर खोकतो, सिलिंडर गार राहावेत म्हणून पाण्याच्या हौदात उभे असतात, आणि मावशी काट्यावर नजर ठेवून बसते. प्रत्येक सिलिंडर भरला की तोटी किंचित उघडून ती त्यातली हवा हुंगते. धुराचा जरा वास आला की सगळी हवा सोडून देणार आणि पुन्हा भरणार. "अगं, एवढं काय अत्तर हुंगल्यासारखं?" मी म्हटलं. "पोपट," (हे मी, सगळ्यांचे आवाज काढते म्हणून) "वर ज्याने डोकं दुखतं, त्याने खाली माणूस झोपतो. कायमचा."

रोज सकाळी गाइड पोरं येऊन सिलिंडर खांद्यावर टाकून जातात. मावशीने भरलेली हवा समुद्रात जाते, मावशी दारापर्यंत जाते. संध्याकाळी रिकामे सिलिंडर परत आले की तिची चौकशी सुरू.

"पाणी कसं होतं रे?"

"ओलं."

"टोणग्या, साफ होतं का विचारतेय. आणि तो म्हातारा मासा? खडकाखालचा, डावा पंख फाटलेला?"

"असेल की, ताई. नाव विचारायचं राहिलं."

पोरं हसतात. मावशीही हसते, मग रिकाम्या सिलिंडरवरचं वाळलेलं मीठ अंगठ्याने पुसत बसते. एकदा मी तिला तो अंगठा चाटताना पाहिलं. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "तोटी गळतेय का, ते तपासत होते." चवीने तपासतात म्हणे.

ती आमच्याकडेच राहते, माझ्याच खोलीत. सकाळी मोरीत बादली भरून ती तोंड पाण्यात घालते, आणि एक मिनिट, दीड मिनिट, दोन मिनिटं काढतच नाही. बाहेर आई दार बडवते. "अगं, समुद्र झाला असेल तर बादली दे! मला फरशी पुसायचीय!" आई तिची थोरली बहीण, त्यामुळे बोलायला मोकळी. पण बादली घ्यायला आत गेली की मावशीचे ओले केस टॉवेलने पुसून देते.

अजून एक सवय. कोणाच्याही घरी गेलं की बसायच्या आधी मावशी विचारते, "मागचं दार कुठंय?" आमच्या एका लांबच्या काकांनी हे इतकं मनावर घेतलं, की अजून म्हणतात, "आल्या आल्या जायचीच घाई असेल तर येता कशाला?"

मागच्या महिन्यात शेडच्या दारात पांढरे बूट आले. बुटांच्या वर एक मालक होता, नव्या मुक्कामी बोटीचा. त्याला मी पहिल्या पाच मिनिटांतच नाव ठेवलं: टेन्शननको. कारण तो श्वास घ्यायच्या जागी तेच म्हणतो.

"ताई, तुमच्यासारखा अनुभव शोधून सापडत नाही. मागचं काय ते मला माहीत आहे, टेन्शन नको. प्रमुख गाइड म्हणून या. शनिवारी पहिली सफर, टेन्शन नको, सोळा पाहुणे, बोट एकदम नवी."

"नवी?"

"रंग नवा."

मावशीने "बघते" म्हटलं. पण घरी आल्यावर तिने पलंगाखालून पाण्यात घालायचा काळा रबरी पोशाख ओढून काढला. चार वर्षांत तो चिकटला होता आणि मावशी जरा सुटली होती. मी मागून चेन ओढतेय, आई पुढून पोट दाबतेय. "श्वास सोड!" "सोडला!" "अजून सोड!" "अजून सोडला तर मरेन!" शेवटी चेन लागली. आरशासमोर उभी राहून मावशी स्वतःकडे बघतच राहिली. मग जेवायला तशीच बसली. आईने एका शब्दाने टोकलं नाही.

मला तेव्हाच कळलं की ही जाणार. आणि ही जावी, असं मलाही फार वाटत होतं. तिच्याशिवाय ती खोली कशी वाटेल, त्याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही बोट बघायला गेलो. हो म्हणायच्या आधी माणसं झोपतात कुठे ते बघायचं, ही मावशीची अट. वर सगळं चकाचक होतं. फळा होता, बिल्ले होते, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र. मावशीने फळ्यावरून हात फिरवला, एक बिल्ला लाल केला, पुन्हा हिरवा केला. तिचे खांदे खाली आले. चार वर्षांत पहिल्यांदाच मी तिला सैल उभी राहिलेली पाहिली.

मग आम्ही जिना उतरून झोपायच्या खोल्यांकडे गेलो. जिन्याच्या पायथ्याशीच एक लांब टेबल, त्यावर वायरींचं जाळं.

"हे काय?"

"पाहुण्यांचे कॅमेरे, टॉर्च. बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावतात. सोय आहे, ताई."

"रात्री इथे जागं कोण असतं?"

"जागं कशाला? माणसं सुट्टीवर आलेली असतात."

"बॅटरी पेटली तर हा जिना बंद. मग सोळा माणसं वर कशी जाणार?"

"टेन्शन नको! दुसरा रस्ता आहे ना. नियमाप्रमाणे." त्याने बोळाच्या टोकाच्या खोलीत नेलं. वरच्या बिछान्यावर, छतात, एक चौकोनी झडप होती. "कडी फिरवायची, ढकलायची, थेट वरच्या डेकवर."

"कोणी कधी गेलंय यातून?"

"संकट आलं तर जातील की, ताई."

मावशी गप्प झाली. ती गप्प झाली की काय होतं ते मला माहीत आहे. तो कागद लिहिला तेव्हाही ती अशीच गप्प झाली असणार. आता ही नाही म्हणणार, आणि जन्मभर सिलिंडरवरचं मीठ तपासत बसणार. म्हणून मीच मध्ये तोंड घातलं.

"त्यात काय! मी जाऊन दाखवते. डोळे बांधून. एका मिनिटात वर."

मावशीने माझ्याकडे बघितलं. "पैज?"

"पैज. जिंकले तर तू गपचूप हो म्हणायचं."

"आणि हरलीस तर मी नाही म्हणणार. मग कुरकुर करायची नाही."

"वा वा, खेळ!" टेन्शननको टाळ्या वाजवत म्हणाला.

मावशीने स्वतःच्या ओढणीने माझे डोळे बांधले आणि मला खालच्या बिछान्यावर झोपवलं. "धूर असतो, म्हणून डोळे. आणि माणूस झोपेतून उठलेला असतो, म्हणून आडवी. चल. एक."

उठताना डोकं आपटलं. "चार, पाच." शिडी सापडेना, गुडघा लोखंडावर. "अकरा." वरच्या बिछान्यावर चढले, छत चाचपलं, दिवा लागला, म्हणजे हाताला, चटका बसला. "एकवीस." कडी! घट्ट होती. दोन्ही हातांनी फिरवली. "तेहतीस, चौतीस." झडप ढकलली. दोन बोटं वर गेली आणि थांबली. फटीतून वारा आला, उन्हाचा वास आला, पण झडप काही हलेना. खांदा लावला, पाठ लावली. खालून मावशीचा आवाज येत होता, "एक्केचाळीस… बेचाळीस… ढकल, पोपट… त्रेचाळीस." मी पाय भिंतीला लावून ढकललं. "सत्तावन्न…… अठ्ठावन्न……… जोर लाव गं…… एकोणसाठ………"

खूप वेळ काहीच नाही. माझाच श्वास ऐकू येत होता.

"साठ."

आम्ही जिन्याने वर गेलो. झडपेवर एक भली मोठी लोखंडी पेटी ठेवलेली होती. पेटीत लाइफ जॅकेटं. सोळाच्या सोळा, नवीकोरी.

"अहो, एवढंच होय! हलवतो की!" टेन्शननको पेटीला धरून ओढू लागला. ती जेमतेम वीतभर सरकली.

"हलवून ठेवणार कुठे?" मावशीने विचारलं.

त्याने चहूकडे पाहिलं. सगळीकडे सिलिंडर, खुर्च्या, पाय ठेवायला जागा नव्हती.

"एक माणूस रात्री जागा ठेवा. चार्जिंगचं टेबल वर आणा. पेटीला जागा करा. मी आज हो म्हणते, आत्ता." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज पार लहान मुलीसारखा झाला होता. मी तो आवाज कधी कोणाला काढून दाखवणार नाही.

"ताई, शनिवार परवावर आलाय. या सीझनला असंच चालवू, पुढच्या वर्षी सगळं करू. टेन्शन नको."

"मग मी नाही."

धक्क्यावरून परत येताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही. एका बाजूला पाणी इतकं साफ होतं की तळाचे दगड दिसत होते, आणि ती मान दुसरीकडे करून चालली होती. मला राहवेना. माझे कान मला फसवत नाहीत.

"मावशी, तुझे चाळीसच्या पुढचे आकडे फार लांब होते."

"हं."

"खरे सेकंद किती झाले होते?"

मनगटावरचं घड्याळ बाहीत सरकवत ती म्हणाली, "एकशे चौदा."

"म्हणजे…"

"म्हणजे एकाच पैजेत दोनदा हरलीस, पोपट. घड्याळाच्या साठात आणि माझ्या साठात. आणि कुरकुर करायची नाही, ठरलंय."