लगतदारांना नोटीस न काढता पाडलेलं शहर

पाचव्या दिवशी सकाळी शहरातली झाडून सगळी माणसं पुलाच्या तोंडाशी आली आणि हलेचनात. हातात बादल्या, तोंडं पुलाकडं. पलीकडून पाणी घेऊन येणारी माणसं त्यांच्या समोर तशीच उभी. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसती जागच्या जागी पाय आपटत होती.

"तात्या, परत तेच," माझी पुतणी अश्विनी म्हणाली आणि तिनं कपाळाला हात लावला.

घाबरू नका, हे शहर खरं नाही. ते बारामतीजवळ जळोचीत, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, कॉम्प्युटरमध्ये आहे. ते अश्विनीचं ऑफिस. मी इंदापूर तालुक्यात मोजणीदार होतो. सरकारी भाषेत भूकरमापक. जन्मभर जमिनी मोजल्या, हद्दी दाखवल्या, गावठाणांचे प्लॉट पाडले आणि बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. रिटायर होऊन घरी बसलो होतो. एक दिवस अश्विनी आली आणि म्हणाली, "तात्या, तुमी एवढी गावठाणं पाडली. मला एक शहर पाडून द्या."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतीय. चेष्टा नव्हती.

मोड म्हणजे काय हे कळायला मला दोन कप चहा लागले. तुम्हाला लवकर सांगतो. कंपनी एक गेम काढते. मग खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी हुशार माणूस त्यात आपली भर घालतो. तयार घर घेऊन मागं पडवी काढावी, तसं. त्या पडवीला मोड म्हणायचं. या गेममध्ये एक पडकं, ओसाड शहर आहे. मूळ गेमात तिथं नुसतं हिंडायचं आणि गोळ्या झाडायच्या. कॅनडातल्या हेलन मॅडमनी त्याचा मोड काढायला घेतला. त्यात राडारोडा उचलायचा, घरं बांधायची, माणसं आणून वसवायची, शेती करायची. अख्खं शहर म्हणजे एक वस्ती. पण सगळीकडंच बांधायला मोकळीक दिली, तर कॉम्प्युटरला धाप लागते. म्हणून बांधायची जागा कुठली आणि सोडायची कुठली, याचे प्लॉट पाडून हवे होते. ते काम अश्विनीला मिळालं. तिच्याकडं प्रोग्रॅमर एकच, भिगवणचा फैजल. आणि आता मी.

मी काम माझ्या पद्धतीनं केलं. शहराचा नकाशा तुकड्यातुकड्यांनी छापून घेतला, चिकटवला, वर ट्रेसिंग पेपर टाकला. पट्टी, पेन्सिल, खोडरबर. फैजल बघत राहिला. "साहेब, हे माऊसनं पण होतं," म्हणाला. मी म्हटलं, "हुईल. पण मला हातानं कळतं." कालव्याच्या कडेला बारा प्लॉटची एक रांग पाडली. दोरी धरल्यासारखी सरळ. खोटं कशाला सांगू, ती रांग बघून माझी छाती फुगली होती. नोकरीत एवढी सरळ रांग मला कधी मिळाली नाही. कुठं विहीर मध्ये यायची, कुठं कुणाचा गोठा.

आणि त्याच रांगेवर घरं बांधून बघितली की माणसं पुलाशी अडकायची.

सोमवारी हेलन मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. बाई शांत होत्या, पण बोलल्या ते स्पष्ट. शुक्रवारी त्या स्वतः खेळून बघणार. माणसं चालली नाहीत, तर कालव्याकडचा सगळा भाग मोडमधून काढून टाकणार आणि पुढचं काम दुसऱ्यांना देणार.

अश्विनीनं मान हलवली. तिनं या कामासाठी पुण्यातली नोकरी सोडली होती. वर्षाच्या वर घासत होती. घरी तिची आई, म्हणजे माझी वहिनी, रोज विचारायची, "गेम करती म्हंजी नेमकं काय करती गं?" आता हे काम गेलं असतं, तर उत्तर द्यायला तिच्याकडं काही राहिलं नसतं आणि ती निमूटपणे पुन्हा पुण्याची बस धरणार होती. हे तिनं मला सांगितलं नाही. तिचं तोंडच सांगत होतं.

जाता जाता मॅडम म्हणाल्या, लेआउटमध्ये काही चूक असेल का? अश्विनीनं मला मराठीत सौम्य करून सांगायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं. मला इंग्रजी कळतं. "टेल हर," मी म्हटलं, "माय मेजरमेंट इज करेक्ट."

मंगळवारचा सगळा दिवस मी हेच सिद्ध करण्यात घालवला. सगळे प्लॉट परत मोजले. एकाचीही हद्द हललेली नव्हती. मग मी फैजलच्या मागं लागलो. त्यानं मला नॅव्हमेश समजावला. गेममधल्या माणसांना डोळे नसतात. जमिनीवर न दिसणारी सतरंजी अंथरलेली असते. सतरंजी असेल तिथं पाय ठेवायचा, नसेल तिथं नाही. आपण भिंत घातली की तेवढी सतरंजी कापली जाते. पुलावर सतरंजी आहे, पण एका माणसाच्या रुंदीची. जाणारा आणि येणारा समोरासमोर आले की दोघं थांबतात.

"मग एकानं मागं सरावं की," मी म्हणालो.

"मागं सरायचं त्यांना शिकवलेलंच न्हाय साहेब."

"मग आपल्याकडचीच दिसत्यात."

फैजल हसला. अश्विनी हसली नाही. ती म्हणाली, "माणसं कमी करू. निम्मी केली तर अडकणार न्हाईत."

"निम्मी माणसं काढून टाकायची आणि म्हणायचं गाव सुरळीत हाय? अगं, असं तर कुणीबी गाव चालवंल."

ती चिडली. "मग तुमीच सांगा काय करायचं! तुमचे प्लॉट बरोबर, फैजलचा कोड बरोबर, मग माणसं काय हौसंनं थांबत्यात?"

पोरीचं चुकत नव्हतं. आठ दिवस मी नुसते नाकानं कांदे सोलत होतो.

बुधवारी सकाळी बारामतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. ऑफिसात शिरल्या शिरल्या मी फैजलला विचारला.

"घरं बांधायच्या आधी ही माणसं पाण्याला कुठनं जायची?"

"कुठनंबी. ज्याला जी जवळची वाट, तिकडनं."

"ती बघता यील का?"

"प्रत्येकाच्या मागं रेघ सोडता यील. थांबा जरा."

दुपारपर्यंत त्यानं ते केलं. मोकळ्या शहरात माणसं सोडली आणि त्यांच्या मागं लाल रेघा उमटायला लागल्या. थोडी माणसं पुलाकडं गेली. पण बहुतेक सगळी एका पडक्या शाळेकडं वळली. भिंतीच्या भगदाडातून आत, मैदान तिरकं ओलांडून, कालव्यावर आडव्या पडलेल्या मोठ्या पाइपवरून पलीकडं. रेघेवर रेघ पडत गेली आणि मैदानात लालभडक पट्टा झाला.

मी माझा ट्रेसिंग पेपर काढून पडद्यावरच्या नकाशाशी ताडून बघितला. तो पट्टा माझ्या रांगेतल्या चार प्लॉटांच्या बरोब्बर पोटातून जात होता. तिथं घरं उठली की ती वाट बंद आणि सगळी माणसं पुलावर.

अरे देवा! मी खुर्चीत बसलो.

मोजणीचा एक नियम आहे. कुठल्याही जमिनीत खुंटी ठोकण्याआधी लगतदारांना नोटीस काढायची. लगतदार म्हणजे शेजारचे खातेदार, ज्यांचा बांध त्या जमिनीला लागून आहे. त्यांनी यायचं, बघायचं, काय म्हणायचं ते म्हणायचं. कागदावर हद्द असते. पण वहिवाट, म्हणजे वर्षानुवर्षं कोण कुठून जातं-येतं, ते लगतदारच सांगतो. भिगवणजवळ एकदा मी अगदी बिनचूक हद्द दाखवली होती. एक म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझी दोरी खरी हाय बाबा, पर आमी हिरीवर उडत जायाचं व्हय?" त्या दिवसापासून मी आधी लोकांना विचारायचो आणि मगच साखळी उलगडायचो. माझ्या हाताखालच्यांनाही हेच घोकायला लावलं.

आणि या शहरात? इथं कोण लगतदार, असं मनाशी म्हणालो. कॉम्प्युटरमधली माणसं, त्यांना कसली नोटीस? मोकळी जागा दिसली, पट्टी ठेवली, रांग पाडली. हाताखालच्या पोरानं असं केलं असतं, तर मी त्याला तिथल्या तिथं सोलला असता.

"चूक माझी हाय," मी म्हणालो.

"पण तात्या, प्लॉट तर बरोबर हायत," अश्विनी म्हणाली.

"बरोबर हायत. चुकीच्या जागी बरोबर हायत."

संध्याकाळी मीच हेलन मॅडमना कॉल लावायला सांगितला. "मॅडम, द मिस्टेक इज माइन," म्हटलं. लगतदार इंग्रजीत सांगणं मला जमेना, ते अश्विनीनं सांगितलं. मग मी म्हटलं, हे चार प्लॉट रद्द करा, ती वाट कायमची मोकळी ठेवा.

बाई तयार होईनात. "खेळणाऱ्याला कुठंही बांधता यावं, हाच तर माझा मोड," त्या म्हणाल्या. "चार प्लॉट आज रद्द केले. उद्या तो दुसरीकडं भिंत घालेल. मग काय, सगळं शहर रद्द करायचं?"

मुद्दा खरा होता. मला तो आवडला. जमिनीच्या मालकाचंही हेच म्हणणं असतं.

"मग प्लॉट राहू द्या," मी म्हणालो. "आमच्याकडं वाट अडवायची असंल, तर आधी दुसरी वाट द्यावी लागते. तसं करा. त्याला कुठंबी बांधू द्या. पण माणसं चालतात तिथली माती झिजलेली दिसू दे. त्यावर भिंत घालायला गेला, तर भिंत लाल व्हावी. दोन माणसं शेजारून जातील एवढी दुसरी वाट त्यानं काढली, की मगच ती पक्की व्हावी."

मॅडमनी फैजलचं नाव घेऊन विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल?"

फैजलनं माझ्याकडं बघितलं, अश्विनीकडं बघितलं. "येस मॅडम," म्हणाला. कॉल बंद झाल्यावर मराठीत म्हणाला, "मेलो."

मेला नाही. दोन दिवस तो खुर्चीतून उठला तो फक्त जेवायला. अश्विनीनं झिजलेल्या वाटांची माती रंगवली. मी माझी सरळ रांग स्वतःच्या हातानं खोडली आणि वाटेप्रमाणे तिरकी पाडली. दिसायला वाकडीतिकडी, आपल्या कुठल्याही गावठाणासारखी. मग फैजल भिंत घालायचा आणि मी ओरडायचो, "थांब, हितनं कोण जातं?" पडदाही भिंत लाल करून तेच म्हणायला लागला, तेव्हा मी ओरडायचं बंद केलं.

शुक्रवारी हेलन मॅडम खेळायला बसल्या. आम्ही तिघं इकडं श्वास रोखून. बाईंनी मुद्दाम शाळेच्या मैदानातच भिंत घातली. लाल झाली. पुढं सरकवली. लाल. चिकाटीची बाई, पाच-सहा वेळा करून बघितलं. शेवटी शाळेची मागची पडकी भिंत उचलून तिथून रस्ता काढला आणि मैदानातली भिंत पक्की झाली.

गेममधली सकाळ झाली. माणसं घरांतून बाहेर पडली. हातात बादल्या. पुलाजवळ आली तेव्हा अश्विनीनं माझा हात घट्ट धरला. थोडी पुलावरून गेली. बाकीची नव्या रस्त्याला वळली, पाइप ओलांडून पाण्यापर्यंत पोचली आणि भरल्या बादल्या घेऊन परत आली. एकही अडकला नाही. त्या खोट्या माणसांना बघून माझे डोळे भरून आले. लाज वाटली, पण आले.

"दिस इज गुड," मॅडम म्हणाल्या. "दिस होल सिटी स्टेज विथ यू, अश्विनी."

अश्विनीनं पहिला फोन तिच्या आईला लावला. "आई, मी काय करती विचारतीस ना? गाव वसवती. चालतं-फिरतं." पलीकडून वहिनी काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण पोरगी बराच वेळ हसत होती.

मोड बाहेर पडायच्या आधी त्या झिजलेल्या वाटांना काय म्हणायचं, असं मॅडमनी विचारलं होतं. आम्ही आपला शब्द दिला. आज बांधकामाच्या यादीत इंग्रजी अक्षरांत 'वहिवाट' लिहिलेलं आहे. मी ते दिवसातून एकदा तरी उघडून बघतो.

धडा विचाराल, तर एवढाच. मोजणी बिनचूक असणं हे निम्मं काम. त्या जागेवरून रोज कोण चालतं, हे विचारणं हे उरलेलं निम्मं. आणि रिटायर झालो म्हणून त्यातून सुटका नाही.

परवा अश्विनीनं मला एका परदेशी खेळाडूची तक्रार वाचून दाखवली. जागा माझी, प्लॉट माझा, भिंत माझी, तरी मला बांधू देत नाहीत, दुसऱ्यांची वहिवाट मध्ये येते म्हणतात, हा काय अन्याय आहे? असं त्यानं चिडून लिहिलं होतं.

असे अर्ज मी सबंध नोकरीभर वाचले. हा मात्र मी अश्विनीला दोनदा वाचायला लावला.